माजी सैनिकांचे कान आणि ऑडिओलॉजिस्टची उणीव: मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत राहणारे निवृत्त जवान, नौसैनिक, त्यांच्या पत्नी आणि मुले यांच्याकडून श्रवणसेवेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न श्रवणयंत्राच्या किमतीचा असतो. प्रत्यक्षात यंत्र मिळण्यापेक्षा ते कानाला नीट जुळवून देणारा माणूस, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, मिळणे अधिक कठीण आहे, असे आमचे मत आहे, आणि पुढील उत्तरांत ते जागोजागी दिसेल.

सैन्यात नोकरी केलेल्यांना कमी ऐकू येण्याचा त्रास अधिक का होतो?

आवाजाने कान बिघडतो तो दोन मार्गांनी. एक मार्ग सावकाश चालतो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये, रणगाड्यात किंवा धावपट्टीलगत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या कानावर मोठा आवाज रोज तासन्‌तास पडत राहतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही साधारण सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. दुसरा मार्ग क्षणाचा असतो. रायफलच्या एका गोळीचा आवाज नेमबाजाच्या कानापाशी १५० ते १६० डेसिबलच्या घरात जातो, आणि असा स्फोटक आवाज १४० च्या वर गेला की तो किती कमी वेळ टिकला याला फारसा अर्थ राहत नाही. तोफखान्यातील आवाज याहूनही मोठे असतात, आणि जवळ झालेल्या स्फोटाने तर कानाचा पडदाच फाटू शकतो.

आतल्या कानातील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच या प्रकारच्या बहिरेपणावर गोळी किंवा शस्त्रक्रिया चालत नाही आणि श्रवणयंत्राशिवाय फारसा पर्याय उरत नाही.

तपासणीत एक गोष्ट नेहमी दिसते. उजव्या खांद्यावर रायफल लावून फायरिंग करणाऱ्याचा डावा कान बहुधा अधिक बिघडलेला असतो, कारण डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्या कानाला डोक्याचा आडोसा मिळतो. पायदळातील जुन्या माणसाला ‘फोन कोणत्या कानाला लावता?’ एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. नौदलाच्या पाणबुड्यांना (डायव्हरना) आणि वैमानिकांना दाबाच्या फरकाने मध्यकर्णाला होणारी इजा हा यातला आणखी एक प्रकार आहे. क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची किंवा मोठ्या संसर्गासाठी जेंटामायसिनची इंजेक्शने घेतली असतील, तर तेही तपासणाऱ्याला आवर्जून सांगावे, कारण या औषधांचाही कानावर परिणाम होतो.

निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत कान उत्तम असल्याची नोंद आहे. मग आता ऐकू का येत नाही?

हा प्रश्न बहुतेक माजी सैनिक काहीशा रागाने विचारतात, आणि तो राग समजण्यासारखा आहे. सैन्याच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गवारीत ‘एच’ हे अक्षर कानांसाठी असते. कानांची प्राथमिक चाचणी परंपरेने कुजबुजीवर होते. ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून, कुजबुजलेले शब्द एकेका कानाने ऐकू आले की कान ठीक धरला जातो. ही चाचणी सोपी आहे, तिला यंत्र लागत नाही, आणि मोठा दोष ती पकडतेही. मात्र आवाजाने होणारा बिघाड ४००० हर्ट्‌झच्या आसपास, एका अरुंद पट्ट्यात सुरू होतो. ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, तो खाचेसारखा दिसतो. शांत खोलीत, ओळखीचे शब्द, समोर उभा असलेला परीक्षक, अशा परिस्थितीत माणूस ती खाच सहज झाकून नेतो.

त्यात भर म्हणजे जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतो. त्या वयात खाच लहान असते. पुढे वयोमानानुसार होणारी घट तिच्यावर चढते आणि साठीच्या उंबरठ्यावर दोन्ही मिळून घरात टीव्हीचा आवाज वाढू लागतो. म्हणजे नोकरीत झालेले नुकसान कागदावर कधी आलेच नाही आणि त्रास मात्र वीस वर्षांनी उघड झाला.

आणखी एक कारण आहे, ज्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. नोकरीत असताना कॅटेगरी घसरली की बढती, कोर्स आणि पोस्टिंग या सर्वांवर परिणाम होईल या भीतीने अनेक जण कानाची तक्रार लपवतात. लपवण्याची ती सवय पुढे नागरी जीवनातही सुटत नाही.

ऐकू येते, पण शब्द समजत नाहीत. हा बहिरेपणाच का?

होय, आणि आवाजाने बिघडलेल्या कानाची ही सर्वांत ओळखीची खूण आहे. स्वर खालच्या कंपनांत असतात आणि ते शाबूत ऐकू येतात, त्यामुळे कोणीतरी बोलत आहे हे नक्की कळते. शब्दाला धार देणारी स, श, च, थ, फ ही व्यंजने वरच्या कंपनांत असतात आणि नेमकी तीच गळतात. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गल्लत होते. सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्याला इंटरकॉमवर ‘सातव्या मजल्यावर’ सांगितलेले ‘आठव्या मजल्यावर’ ऐकू येते. नातवंडांचे बोलणे समजत नाही, कारण मुलांचा आवाज मुळातच बारीक असतो, आणि मग आजोबा चिडके झाले आहेत असा घरात समज होतो. दादर स्थानकात फलाट बदलल्याची घोषणा होते तेव्हा आपण शेजारच्यांच्या हालचाली पाहून चालू लागत असाल, तर तपासणी करून घ्यावी.

कानात सतत शिट्टी किंवा रातकिड्यांसारखा आवाज येतो. त्यावर उपाय आहे का?

याला कर्णनाद म्हणतात. बाहेर आवाज नसताना तो ऐकू येतो, रात्री शांततेत वाढल्यासारखा वाटतो आणि झोप मोडतो. अमेरिकेत माजी सैनिकांना ज्या व्याधींसाठी भरपाई दिली जाते, त्यांत कर्णनाद संख्येने पहिल्या क्रमांकावर आहे, यावरून त्याचा प्रसार लक्षात यावा. तो मुळापासून घालवणारे औषध नाही. तशी जाहिरात करणाऱ्या थेंबांवर आणि तेलांवर पैसे घालवू नयेत. श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत मिळू लागले की अनेकांना कर्णनाद मागे हटल्यासारखा वाटतो. झोपताना पंख्यासारखा मंद, एकसुरी आवाज सुरू ठेवणे, चिंता आणि निद्रानाशावर समुपदेशन घेणे, यांचाही उपयोग होतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल किंवा चक्कर सोबत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी टाळू नये.

सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले. दोन-चार दिवस वाट पाहावी का?

पाहू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग गाठावा. कान मळाने भरला असेल तर पाच मिनिटांत उलगडा होतो. आतल्या कानाचा अचानक आलेला बहिरेपणा असेल, तर स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी सुधारणेची शक्यता अधिक असते आणि दोन आठवड्यांनंतर ती बरीच कमी होते.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट यांत फरक काय? दुकानातील माणूसही मशीनवर कान तपासून देतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञ हे डॉक्टर असतात. संसर्ग, पडद्याचे छिद्र, हाडांचा आजार, गाठ यांचे निदान आणि उपचार ते करतात. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे श्रवणतज्ज्ञ. ऐकण्याची मोजणी, दोषाचा प्रकार ठरवणे, श्रवणयंत्राची निवड, त्याची जुळवणी आणि त्यानंतरचा सराव हे त्यांचे काम. त्यासाठी इंटर्नशिपसह चार वर्षांची पदवी असते, पुढे पदव्युत्तर शिक्षण असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात संकोच करू नये.

दुकानातील प्रत्येक माणूस अपात्र असतो असे नाही. काही विक्रीकेंद्रांत उत्तम ऑडिओलॉजिस्ट काम करतात. परंतु जेथे फक्त विक्रेता असतो, तेथे त्याला एकाच कंपनीची यंत्रे विकायची असतात आणि मधल्या कानाचा आजार ओळखण्याचे शिक्षण त्याच्यापाशी नसते. कान वाहत असताना त्यात यंत्र बसवून दिल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

ईसीएचएसमधून श्रवणयंत्र मिळते का आणि कसे?

मिळते. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे आणि श्रवणयंत्राचा तीत समावेश आहे. योजनेच्या आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड दाखवून वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे. ते सेवा रुग्णालयातील किंवा यादीतील खासगी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागाकडे रेफरल देतात. तेथे तपासणी आणि ऑडिओमेट्री (यंत्रावरील श्रवणचाचणी) होऊन तज्ज्ञांची लेखी शिफारस मिळते आणि त्या शिफारशीवर मंजुरी होते. यंत्राच्या प्रकारानुसार किमतीची कमाल मर्यादा ठरलेली असते आणि ती केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दरांना धरून असते. हे दर बदलत असल्यामुळे चालू परिपत्रक पॉलिक्लिनिकमध्येच पाहावे. मर्यादेपेक्षा महाग यंत्र घेतल्यास वरची रक्कम स्वतः भरावी लागते. मंजुरीच्या आधी यंत्र विकत घेऊन नंतर बिल लावण्याचा प्रयत्न बहुधा फसतो.

शिफारशीच्या कागदावर दोन्ही कानांचा स्वतंत्र उल्लेख असल्याची खात्री करावी. दोन्ही कान सारखेच बिघडलेले असताना एकाच कानाला यंत्र लावले, तर गर्दीत बोलणे समजण्याचा प्रश्न सुटत नाही आणि आवाज कोणत्या दिशेने आला तेही कळत नाही. रस्ता ओलांडताना हे महागात पडू शकते.

पॉलिक्लिनिकमध्ये दात आणि फिजिओथेरपीची सोय असते, मग ऑडिओलॉजिस्ट का नसतो?

पॉलिक्लिनिकमधील पदे कंत्राटी असतात आणि त्यांची यादी ठरलेली असते. भरतीच्या जाहिराती पाहिल्या तर वैद्यकीय अधिकारी, मेडिसिनचे तज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचारिका, चालक अशी नावे दिसतात. ऑडिओलॉजिस्टचे पद तीत सहसा नसते. आवाजात आयुष्य काढलेल्या लोकांसाठी उभ्या केलेल्या योजनेत कानांचे पद नसावे, ही विसंगती आहे. योजना आखताना कानांकडे रेफरलने भागणारी बाब म्हणून पाहिले गेले असावे. मोतीबिंदूबाबत ते चालते, कारण शस्त्रक्रिया एकदा झाली की काम संपते. श्रवणयंत्राचे काम बसवल्यानंतर सुरू होते.

थोडा हिशेब मांडून पाहू. एका नव्या व्यक्तीची पूर्ण तपासणी पाऊण तास, यंत्राची जुळवणी एक तास आणि पुढील तीन महिन्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन भेटी धरल्या, तर सव्वातीन तास होतात. आठवड्याला तीस तास रुग्णांसाठी देणारा पूर्णवेळ ऑडिओलॉजिस्ट या गतीने आठवड्यात नऊ नव्या माणसांना न्याय देऊ शकतो, म्हणजे वर्षाला चारशेहून अधिक. तोच माणूस आठवड्यातून केवळ एका दुपारी तीन तास येत असेल, तर वर्षभरात अठ्ठेचाळीस. जुन्या रुग्णांच्या दुरुस्त्या यात धरलेल्याच नाहीत. हा हिशेब आमचा आहे, सरकारी नाही. परंतु गर्दीच्या ठिकाणी पंधरा मिनिटांत यंत्र कानात घालून माणूस परत का पाठवला जातो, हे त्यावरून कळावे.

पद निर्माण केले तरी ते भरणे सोपे नाही. वर्षावर्षाच्या कंत्राटावर, ठरावीक मानधनात, मुंबईच्या घरभाड्यात तरुण पदवीधर टिकत नाही. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या त्याला अधिक पगार देतात आणि काही जण परदेशी जातात. शिवाय ऑडिओमेट्रीला आवाजबंद खोली लागते. रस्त्यालगतच्या इमारतीत, हॉर्न ऐकत केलेली चाचणी कागदावर दिसायला चाचणी असते, इतकेच.

मनुष्यबळाची ही उणीव भरून काढण्यासाठी काय करता येईल?

सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे प्रत्येक पॉलिक्लिनिकसाठी स्वतंत्र पद न मागता तीन-चार पॉलिक्लिनिक मिळून एक पूर्णवेळ ऑडिओलॉजिस्ट नेमणे, त्याचे वार ठरवून देणे आणि आवाजबंद खोली एकाच ठिकाणी, चांगली, उभारणे. मुंबईत या विषयाच्या शिक्षणसंस्था आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना वर्षभराची इंटर्नशिप करावीच लागते. त्यातील काही महिने देखरेखीखाली माजी सैनिकांमध्ये घालवले, तर विद्यार्थ्यांना आवाजाने बिघडलेल्या कानांचा असा अनुभव मिळेल जो महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सहज मिळत नाही.

दुसरी गोष्ट मदतनिसांची. यंत्र साफ करणे, नळी बदलणे, कानात घालायचा साचा नीट बसतो का पाहणे, बॅटरी घालायला शिकवणे या कामांना ऑडिओलॉजिस्टचा वेळ खर्चण्याची गरज नाही. पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची श्रवण, भाषा आणि वाचा या विषयातील एक वर्षाची पदविका बारावीनंतर करता येते. आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेल्या नर्सिंग असिस्टंटना ती करून या कामावर घेतले, तर सैनिकाची भाषा जाणणारा माणूस पलीकडे बसेल आणि त्यालाही दुसरी नोकरी मिळेल. ही सूचना आम्ही जेथे जेथे मांडली, तेथे ती सर्वांना पटली आणि तेथेच थांबली.

अमेरिकेत याच प्रश्नावर २०१६ मध्ये कायदा झाला आणि तेथील माजी सैनिक विभागाला ऑडिओलॉजिस्टबरोबर परवानाधारक श्रवणयंत्र विशेषज्ञ नेमण्याची मुभा मिळाली. ऑडिओलॉजिस्टच्या संघटनांनी त्याला विरोध केला होता, कारण कमी शिकलेला माणूस गंभीर आजार हुकवेल अशी त्यांची भीती होती. ती भीती अनाठायी नाही. म्हणून निदान ऑडिओलॉजिस्टकडे आणि देखभाल मदतनिसाकडे ही सीमारेषा नियमांत लिहिलेली हवी. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ऑडिओलॉजी ही विद्याशाखाच दुसऱ्या महायुद्धात बहिरे होऊन परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत उघडलेल्या लष्करी रुग्णालयांतून आकाराला आली. पेनसिल्व्हेनियातील डेशॉन रुग्णालयात काम केलेले रेमंड कारहार्ट यांना तिच्या जनकांत गणले जाते.

मोबाइलवरून, घरबसल्या यंत्राची जुळवणी होऊ शकते का?

पहिली जुळवणी समोरासमोरच व्हावी. त्यानंतरचे बारीक बदल अनेक नव्या यंत्रांत ॲपवरून, व्हिडिओ कॉलवर करता येतात. कर्जत किंवा विरारहून सकाळच्या गाडीने येणाऱ्या पंच्याहत्तरीच्या माणसाला त्याने मोठा आधार मिळेल. खरेदी करतानाच ही सोय त्या यंत्रात आहे का आणि ती वापरून देणारा माणूस आहे का, हे दोन्ही विचारावे. दुसरा प्रश्न विचारायचे बहुतेक जण विसरतात.

मुंबईत भरवशाची तपासणी कोठे होते?

वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था ही केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. तेथे शिक्षण आणि रुग्णसेवा दोन्ही चालतात आणि माफक दरात सविस्तर तपासण्या होतात. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात ऑडिओलॉजी आणि वाचाउपचाराचे महाविद्यालयीन शिक्षण असल्यामुळे तेथेही पूर्ण विभाग आहे. शिक्षणसंस्थेत वेळ जास्त जातो, विद्यार्थी आधी तपासतात आणि मग शिक्षक पाहतात, पण तपासणी घाईत उरकली जात नाही. कुलाब्यातील आयएनएचएस अश्विनी हे नौदलाचे मोठे रुग्णालय आहे आणि ईसीएचएसचे रेफरल तेथेही जातात.

तपासणीला जाताना डिस्चार्ज बुक, जुने ऑडिओग्राम आणि घेत असलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. घरातील एक व्यक्ती बरोबर असावी. ‘मला तसे बरे ऐकू येते’ असे माजी सैनिक म्हणतात आणि त्याच वेळी मागे उभी असलेली पत्नी नकारार्थी मान हलवते, हे दृश्य प्रत्येक ऑडिओलॉजिस्टच्या परिचयाचे आहे. शब्द ओळखण्याची चाचणी मराठीत करण्याची विनंती करावी. परक्या भाषेतील शब्द चुकला, तर दोष कानाचा की भाषेचा, हे ठरवता येत नाही.

यंत्र मिळाले, पण आवाज नुसता मोठा होतो, गोंगाट असह्य वाटतो. ते कपाटात पडून आहे.

यंत्र टाकून देण्याआधी जुळवणी तपासून घ्यावी. ऑडिओग्राम संगणकात भरला की कंपनीची प्रणाली अंदाजाने आवाज ठरवते, परंतु प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असते. पडद्यालगत बारीक नळी ठेवून प्रत्यक्ष कानात किती आवाज पोहोचतो हे मोजता येते. या मोजणीला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात आणि ती करता का, असे थेट विचारावे. बिघडलेल्या कानाची एक खोड अशी असते की लहान आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम बोचतो, म्हणून मोठ्या आवाजाची कमाल मर्यादा वेगळी बसवावी लागते.

मेंदूलाही सवय लागते. वीस वर्षे न ऐकलेली पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज एकदम परत येतो. पहिला आठवडा घरात, शांत वेळी, दोन-तीन तास वापरावे. मग समोरासमोर गप्पा, त्यानंतर टीव्ही, मग बाजार आणि सर्वांत शेवटी लोकल. पहिल्याच दिवशी यंत्र घालून चर्चगेटची गाडी पकडणारा माणूस ते परत कानात घालत नाही.

रक्षकाची नोकरी करतो. यंत्र दिसले तर कामावरून काढतील का?

ही भीती खरी आहे आणि तिच्यापायी पुष्कळ जण यंत्र खिशात ठेवतात. आमचा सल्ला असा की गेटवर चुकीचे ऐकून झालेली एक चूक यंत्रापेक्षा अधिक लक्षात राहते. नोकरी ज्या संस्थेमार्फत लागली असेल तिला आधी सांगावे आणि शक्य असेल तर गर्दीच्या गेटऐवजी सीसीटीव्ही किंवा नोंदवहीचे काम मागावे.

बहिरेपणासाठी अपंगत्व निवृत्तिवेतन मिळू शकते का?

सेवेमुळे आलेला किंवा सेवेमुळे बळावलेला दोष, आणि त्याचे प्रमाण किमान वीस टक्के, या दोन अटी मूळ आहेत. निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डाचे मत येथे निर्णायक ठरते. बोर्डाने दोष सेवेशी संबंधित नाही असे लिहिले असेल, तर पहिले अपील आणि दुसरे अपील करता येते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात असे स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे गृहीत धरावे आणि दोष सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर राहील. २०२३ मध्ये नवे पात्रता नियम लागू झाले, त्यामुळे निवृत्तीची तारीख कोणत्या नियमांत बसते हे आधी पाहावे.

अडचण पुन्हा कागदाचीच येते. नोकरीत असताना ऑडिओग्राम झालाच नसेल, तर खाच तेव्हापासून होती हे दाखवणार कसे? जे अजून सेवेत आहेत त्यांनी निवृत्तीपूर्वी ऑडिओमेट्री मागून घ्यावी आणि तिची प्रत जपावी. जे निवृत्त झाले आहेत त्यांनी आपली ट्रेड, युनिट, फायरिंग रेंजवरील किंवा इंजिनरूममधील वर्षे, झालेले स्फोट आणि त्यानंतर एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) घेतलेले उपचार यांचा लेखी क्रम तयार करावा. मुंबई शहर आणि उपनगर यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, तेथे अर्जाला मदत मिळते.

युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आणि सैन्याचे अपंगत्व एकच का?

नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असल्यास ‘ऐकण्यास अडचण’ आणि ७० डेसिबल असल्यास ‘कर्णबधिर’ धरले जाते, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्व लागते. त्याचे प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयांतून मिळते. आवाजाने बिघडलेले अनेक कान या रेषेच्या अलीकडेच राहतात. माणसाला बोलणे समजत नाही, पण कायद्याच्या मोजमापात तो बसत नाही.

ईसीएचएसचे कार्ड नाही. अन्य काही सोय आहे का?

उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून श्रवणयंत्र मिळते. राज्य सरकारच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र नागरिकांना सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात आणि त्या साधनांत श्रवणयंत्रही आहे. या रकमेत चांगले डिजिटल यंत्र येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. माजी सैनिकाच्या विधवेने स्वतःच्या पात्रतेची चौकशी आधी सैनिक कल्याण कार्यालयात करावी, कारण अनेकींना त्या ईसीएचएसला पात्र आहेत हेच ठाऊक नसते.

मुंबईच्या पावसाळ्यात यंत्र वारंवार बंद पडते. काय करावे?

रात्री यंत्र काढून बॅटरीचे दार उघडे ठेवावे आणि सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. जेलचा रंग बदलला की ते बदलावे. साचा आणि नळी यांत पाण्याचे थेंब साठतात, त्यासाठी हवा मारायचा लहान फुगा मिळतो. बॅटरीचे आकार आवरणाच्या रंगावरून ओळखता येतात. दहा क्रमांक पिवळा, ३१२ तपकिरी, तेरा केशरी आणि ६७५ निळा. चिकटपट्टी काढल्यावर हवा लागून ती सुरू होते, म्हणून पट्टी आधीच काढून ठेवू नये. कानात खाज आणि ओलसरपणा असेल तर यंत्र काही दिवस काढून कान दाखवावा. जुलै-ऑगस्टमध्ये कानात बुरशी होणे येथे नित्याचे आहे, आणि कानात गरम तेल घातल्याने ती फोफावते.

घरच्यांनी कसे बोलावे?

आधी नाव घेऊन लक्ष वेधावे, मग समोर येऊन, उजेडात, नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश बोलावे. ओरडल्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजने तशीच हरवलेली राहतात. एकदा सांगून कळले नाही, तर तेच वाक्य चढ्या आवाजात पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. स्वयंपाकघरातून पाठमोऱ्याने, कुकरची शिट्टी चालू असताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. आणि ‘काही नाही, जाऊ द्या’ हे वाक्य टाळावे. श्रवणदोष असलेल्या माणसांना सर्वाधिक काय टोचते असे विचारले, तर आवाजापेक्षा याच वाक्याची तक्रार आम्ही अधिक ऐकली आहे.